जोंगाचं इंजिन बदलायच्या आधी

लिलावातली जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी निसान जीप, घेतलीस, मनापासून आनंद झाला. पण लगेच डिझेल इंजिन टाकायची घाई करू नकोस. मूळचं ३९५६ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन पेट्रोल पितं हे खरं, तरी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपास. सहाही आकडे जवळपास सारखे आले तर ओव्हरहॉलच कर. त्या गाडीला तेच शोभतं.

डिझेलच हवं असेल तर हॉर्सपॉवरच्या मागे लागू नकोस, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, किती आरपीएमला मिळतो ते बघ. डिझेल कमी फिरतं, म्हणून जुनेच गिअर रेशो ठेवलेस तर हायवेवर इंजिन नुसतं ओरडत राहतं. इंजिनाखालचं ऑइलचं भांडं (संप) आणि पुढचा अ‍ॅक्सल यांच्यामधलं अंतरही स्प्रिंग पूर्ण दबल्यावर किती उरतं ते मोज.

खरी गोम नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणाऱ्या अ‍ॅडॅप्टर प्लेटमध्ये असते. माझ्या गाडीत ती केसभर बाजूला बसली होती. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तिरका चालायचा आणि तिसऱ्याच महिन्यात क्लच प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, फाटला. डायल गेज (केसभर फरकही दाखवणारं मापयंत्र) लावून सेंटर बघितल्याशिवाय मिस्त्रीला बोल्ट आवळू देऊ नकोस.

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घे, इंजिनाचे पैसे नंतर दे.