शाळेत शहाणा, घरी आला की तांडव

'शाळेत अगदी गुणी, मग घरी आल्यावरच असा का वागतो?' पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या आया हे मला नेहमी विचारतात. 'आमचंच काही चुकतंय का?' हा पुढचा प्रश्न बहुतेकींच्या चेहऱ्यावरच असतो.

नागपुरातल्या रिंग रोडकडचं एक कुटुंब असंच आलं होतं. मुलगा साडेपाच वर्षांचा. त्याला इथे ओम म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"शाळेत एकदम साधा राहते हो मॅडम, मिस कौतुक करते. घरी आला का नुसता धिंगाणा," आई म्हणाली. सोबत आजी होती. तिचं निदान तयार होतं: "लाडानं बिघडून राहिलं पोट्टं."

मी अशा वेळी आदल्या दिवसाची दुपार मिनिटामिनिटाने सांगायला लावते. ओमची व्हॅन सकाळी साडेसहाला येते. तो सगळ्यांत आधी चढतो आणि दुपारी सगळ्यांत शेवटी उतरतो. गेटवर आई उभी. "डबा संपवला? मिस काय म्हणाली? होमवर्क काय दिला?" बूट निघायच्या आत तीन प्रश्न. मग ताट. आजीने मायेने पोळी वरणात कुस्करून ठेवलेली, आणि ओमला हवी होती अख्खी पोळी. त्याने ताट लोटलं, आजीला चापट मारली आणि 'तीच पोळी परत जोडून दे' म्हणत पाऊण तास रडला.

"पोळीसाठी कोणी एवढं रडते का, बाप्पा?" आजीचा सवाल रास्त होता.

शाळेत दिवसभर काय चालतं ते बघा. रांगेत उभं राहायचं, नंबर येईपर्यंत थांबायचं, शेजारच्याने खोडरबर पळवला तरी हात उचलायचा नाही. स्वतःला असं आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. साडेपाच वर्षांचं पोर ते काम अवसान आणून निभावतं. घरी ते अवसान गळतं, कारण इथली माणसं रागावली तरी आपल्याला टाकणार नाहीत, ही त्याला खात्री असते. 'आईसमोरच नाटकं करतो' ही तक्रार ऐकली की म्हणूनच मला थोडं हायसं वाटतं. इंग्रजीत याला आफ्टर-स्कूल रिस्ट्रेंट कोलॅप्स म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी हा आजार नाही.

पण ओमच्या बाबतीत एवढंच नव्हतं. पाण्याची बाटली कशी परत येते, असं विचारल्यावर आई थबकली. "भरलेलीच." शाळेच्या बाथरूमला वास येतो म्हणून तो जात नव्हता, आणि जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हता. नागपूरचा मार्च, तापलेली व्हॅन, रिकामं पोट आणि धरून ठेवलेली लघवी! या अवस्थेत मोठा माणूससुद्धा पोळीवरून भांडेल.

मग आम्ही आधी शरीराकडे वळलो. गेटवर फक्त "आलास? चल." घरी आल्यावर बाथरूम, पाणी, घामेजलेला युनिफॉर्म बदलणं, कूलरसमोर मुरमुरे-फुटाण्यांची वाटी. अर्धा तास प्रश्न बंद. आजीला हे सगळ्यांत जड गेलं. मिसशी बोलून मधल्या सुट्टीत मित्रासोबत बाथरूमला जायचं ठरलं. रात्री साडेदहाला झोपून पहाटे साडेपाचला उठणं म्हणजे सात तास; या वयाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. झोपायची वेळ आधी आणली, संध्याकाळचा अबॅकसचा क्लास थांबवला. (वडील नाराज झाले. होऊ दे.)

तरीही भडका उडाला तर? आईने जवळ बसायचं आणि कमी बोलायचं. "राग आलाय, दिसतंय मला. पण मारू देणार नाही," एवढं म्हणून उगारलेला हात हळूच धरायचा. रडणं ऐन भरात असताना समजावणं वाया जातं. आजीची माफी वगैरे शांत झाल्यावर. आल्या आल्या हातात मोबाइल देणं मला पसंत नाही. पोर गप्प होतं खरं, पण मोबाइल काढून घेताना तेच रडणं व्याजासकट बाहेर येतं.

महिनाभरात रोजचं तांडव आठवड्यातून एक-दोनदावर आलं. गॅदरिंगच्या तालमींच्या दिवसांत पुन्हा वाढलं, ते अपेक्षितच होतं. आजीचं लाडाबद्दलचं मत जिथल्या तिथे आहे. पोळी मात्र ती आता विचारून कुस्करते.

सगळ्याच मुलांचं दुखणं असं दुपारपुरतं नसतं. सुट्टीच्या दिवशीही तेवढेच भडके, सकाळी शाळेचं नाव काढताच पोटदुखी, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, स्वतःला मारून घेणं, एखाद्या मुलाच्या किंवा मोठ्या माणसाच्या नावाने दचकणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. वर्गशिक्षिकेशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फी परवडत नसेल तर नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, बालरोग आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. रात्री-बेरात्री तुमचाच धीर सुटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.