लॅपटॉपचा स्क्रीन पीएस४ साठी टीव्हीसारखा वापरता येतो का?

आपल्या वसतिगृहाच्या खोलीत टीव्ही नाही, जवळ पीएस४ (सोनीचा गेम कन्सोल) आणि साधा विंडोज लॅपटॉप आहे, आणि दोन्हींना एचडीएमआय केबल लावूनही स्क्रीनवर काहीच दिसत नाही. तेव्हा एखादे सेटिंग किंवा कन्व्हर्टर यांनी काम होईल का, असा आपला प्रश्न आहे. दोन्हींनी होणार नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो आणि पीएस४ चाही तसाच, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलणारेच आहेत आणि ऐकणारा कोणीही नाही. एलियनवेअरच्या एम१७एक्स मालिकेतील काही जुन्या मॉडेलांना चित्र आत घेणारा पोर्ट होता, पण तो अपवाद. दुकानदार एचडीएमआय ते व्हीजीए किंवा एचडीएमआय ते टाइप-सी असे काही पुढे करेल. त्यावर पैसे घालवू नयेत, कारण पिनांचा आकार बदलल्याने सिग्नलची दिशा बदलत नाही.

माझ्या मते सुरुवात सोनीच्या रिमोट प्ले या मोफत सॉफ्टवेअरने करावी. विंडोजसाठी ते २०१६ पासून उपलब्ध आहे, त्यासाठी पीएसएन म्हणजे प्लेस्टेशनचे ऑनलाइन खाते लागते, पण पीएस प्लस या सशुल्क सेवेची वर्गणी लागत नाही. गेम पीएस४ वरच चालतो, त्याचे चित्र नेटवर्कमधून लॅपटॉपवर येते आणि लॅपटॉपला यूएसबीने जोडलेल्या कंट्रोलरची बटणे उलट दिशेने जातात. साध्या किंवा स्लिम पीएस४ वर चित्र जास्तीत जास्त ७२०पी मिळते, १०८०पी साठी प्रो लागतो. पंधरा इंची स्क्रीनवर हा फरक फारसा खटकत नाही. खरी अडचण वसतिगृहाच्या वायफायची असते, कारण अशा अनेक नेटवर्कवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू दिले जात नाही, आणि संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की चित्राचे चौकोन पडू लागतात. लॅपटॉपला लॅन पोर्ट असल्यास साधी लॅन केबल थेट पीएस४ ला लावावी आणि विंडोजमध्ये वायफाय कनेक्शनच्या गुणधर्मांत जाऊन ते इंटरनेट त्या केबलवर शेअर करावे. मग चित्राला वसतिगृहाच्या राउटरवर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र पीएस४ च्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले एकदा चालू करावे लागते आणि पहिल्या जोडणीला तिथला क्रमांक पाहावा लागू शकतो, म्हणून तेवढ्यापुरता तरी कोणाचा टीव्ही मागून आणावाच लागेल.

तो टीव्ही हाताशी असतानाच सिस्टीमच्या सेटिंगमधील एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण) ही खूणही काढून टाकावी. याचा उपयोग दुसऱ्या मार्गासाठी आहे, तो म्हणजे कॅप्चर कार्ड. हे एका बाजूने एचडीएमआय घेते आणि दुसऱ्या बाजूने यूएसबीतून लॅपटॉपला वेबकॅमसारखे दिसते. एचडीसीपी चालू राहिले तर स्क्रीन काळाच राहतो. बंद केल्यावर गेम दिसतात, पण ते बंद असेपर्यंत नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप चालत नाहीत.

बाजारातील सर्वांत स्वस्त कार्डांवर ‘४के’ असे ठळक छापलेले असते, आणि फसगत इथेच होते. तो आकडा आत येणाऱ्या सिग्नलचा असतो. लॅपटॉपपर्यंत पोहोचते ते बहुधा १०८०पी सेकंदाला ३० फ्रेम, किंवा ७२०पी ६० फ्रेम. १०८०पी चे ६० फ्रेम न दाबता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात आणि यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे, म्हणून कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून पाठवते आणि लॅपटॉप ती उलगडतो. यात वेळ जातो. सेकंदाला ६० फ्रेम असताना एक फ्रेम अवघी १६.७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे चार-पाच फ्रेमांचा उशीरही मारामारीच्या किंवा फुटबॉलच्या गेममध्ये अंगठ्याला लगेच जाणवतो. कोडी, वळणावळणाने खेळायचे गेम किंवा निवांत भटकंती यांत तो कळतही नाही. स्वस्त कार्डच घेणार असाल तर ओबीएस या कार्डाचे चित्र दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ७२०पी ६० निवडावे, कार्डाच्या स्रोताचे बफरिंग (चित्र थोडे साठवून मग दाखवणे) बंद करावे आणि उजवे क्लिक करून चित्र प्रोजेक्टर म्हणून पूर्ण स्क्रीनवर न्यावे. आवाजासाठी ओबीएसच्या खटपटीत पडण्यापेक्षा हेडफोन थेट कंट्रोलरच्या जॅकमध्ये लावून पीएस४ मध्ये ‘सर्व आवाज’ हा पर्याय निवडणे सोपे. यूएसबी ३.० चे चांगले कार्ड ही तक्रार बरीच कमी करते, पण त्याची किंमत जुन्या मॉनिटरच्या जवळ जात असेल तर मी मॉनिटरच घेईन.

लॅपटॉपचा पॅनेल खऱ्या अर्थाने, म्हणजे जवळजवळ विनाविलंब, वापरायचा असेल तर एकच मार्ग उरतो: बंद पडलेल्या लॅपटॉपचा पॅनेल काढून त्याला एचडीएमआयचे चित्र पॅनेलवर उमटवणारे वेगळे कंट्रोलर बोर्ड लावणे. चालू लॅपटॉपवर हा प्रयोग करू नये. पॅनेलच्या पाठीमागे लेबलावर मॉडेल क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून पुण्यातील तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दाखवावा, कारण जुन्या पॅनेलांचे जोडणीचे सॉकेट बहुधा ४० पिनांचे एलव्हीडीएस आणि नव्यांचे ३० पिनांचे ईडीपी या वेगळ्या प्रकारचे असते आणि एकाचे बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. बोर्ड घेताना त्यावर एचडीएमआय इनपुट आहे ना आणि हेडफोनसाठी जॅक आहे ना, हे पाहावे, आणि शक्य असल्यास दुकानातच पॅनेल लावून चित्र उमटवून घ्यावे.