इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षण घेताना तिथल्या परीक्षा आणि वर्गातलं मूल्यमापन आपल्यापेक्षा कितपत वेगळं वाटतं?

तुम्ही बी.एड. करताय आणि ‘तिकडे म्हणे परीक्षाच नसतात, सगळं वर्गातच जोखतात’ असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. इंग्लंडपुरतं तरी हे साफ चूक. मी महाराष्ट्रात बी.एड. करून इथे आले, सध्या माध्यमिक गणितासाठी पीजीसीई (पदवीनंतरचं शिक्षक-प्रशिक्षण) करतेय आणि वर्षातला बराचसा वेळ शाळेत शिकवण्यातच जातो.

इथली दहावी म्हणजे जीसीएसई, सोळाव्या वर्षी. बहुतेक शाळांत गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी 80 गुण आणि दीड तास, त्यातल्या एकाला कॅल्क्युलेटर नाही. हे 240 गुण सगळेच्या सगळे लेखी, बाहेरच्या परीक्षकाने तपासलेले. शाळेच्या हातात एकही गुण नाही. आपल्याकडे एसएससीला गणित भाग 1 आणि भाग 2 चे 40-40 आणि वर 20 गुण अंतर्गत. म्हणजे शिक्षकाच्या हातात गुण देण्याची सत्ता आपल्याकडेच जास्त! आणि त्या विसापैकी अठरा-एकोणीस कसे पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्या मते सगळा फरक इथूनच सुरू होतो. वर्गातल्या मूल्यमापनाला गुणच नसल्यामुळे इथे मूल बिनधास्त चुकतं आणि शिक्षकालाही ती चूक झाकावीशी वाटत नाही.

उदाहरण देते. सातवीच्या वर्गात प्रत्येकाकडे छोटा व्हाइटबोर्ड असतो (आपली पाटीच ती, फक्त पांढरी). मी फळ्यावर लिहिते: 0.4, 0.35, 0.125 यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? सगळ्यांनी लिहायचं आणि मी सांगेन तेव्हा एकदम वर धरायचं. ज्यांनी 0.125 लिहिलंय, ते दशांशचिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतायत, 125 म्हणजे सर्वांत मोठी. अशी सात-आठ मुलं दिसली तर पुढचं उदाहरण बाजूला ठेवून संख्यारेषा काढायची. पाठ टाचणात काय लिहिलं होतं याला तेव्हा किंमत नाही. चांगला प्रश्न कोणता, तर ज्याचं प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळा गैरसमज उघडा पाडतं. असे प्रश्न तयार करणं हेच इथलं सर्वांत अवघड काम, उत्तरपत्रिका तपासणं त्यामानाने सोपं.

याची वैचारिक बैठक लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी 1998 मध्ये मांडली. त्यांनी आधार घेतलेल्या संशोधनात रूथ बटलर यांचा 1988 चा प्रयोग आहे. तो मला फार पटतो: ज्या मुलांना नुसता शेरा मिळाला ती सुधारली, ज्यांना शेरा आणि गुण दोन्ही मिळाले, त्यांच्या बाबतीत शेऱ्याचा फायदा उरला नाही. मुलं आधी आकडा बघतात, मग शेजाऱ्याचा आकडा बघतात आणि वही मिटते. आपण स्वतः तेच करत होतो की.

आता म्हणाल, आपल्याकडेही आकारिक मूल्यमापन (वर्षभर वर्गातच चालणारं) आहेच. आहे, आणि कागदावर तर ते उत्तमच आहे. पण निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम अशा प्रत्येक रकान्यात गुण भरायचे ठरले आणि शिक्षकाचं लक्ष मुलाकडून नोंदवहीकडे गेलं. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. इथेही शिक्षकाच्या हातात गुण आले तेव्हा तेच झालं. 2020 मध्ये कोरोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, अल्गोरिदमने दिलेल्या निकालांवरून रान पेटलं आणि शेवटी शिक्षकांचे अंदाज धरले गेले. 2021 मध्येही श्रेणी शिक्षकांनीच ठरवल्या. जीसीएसईत 7 किंवा त्यावरची श्रेणी (सर्वांत वरची 9) 2019 मध्ये 20.8 टक्के होती, ती 2021 मध्ये 28.9 टक्क्यांवर गेली.

भारावून जाऊ नका, इथलंही सगळं गोड नाही. जीसीएसई गणिताला दोन स्तर असतात. खालच्या स्तराला बसलेल्या मुलाला कितीही चांगला पेपर लिहिला तरी 5 च्या वर श्रेणी मिळूच शकत नाही, आणि वरची श्रेणी आहे 9. त्याला कुठे बसवायचं हे शाळा ठरवते. आपल्याकडे शेवटच्या बाकावरचा मुलगाही तोच पेपर सोडवतो, आणि ही गोष्ट मला आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

तुमच्या सराव पाठांना यातलं काय उचलता येईल? साठ मुलांना व्हाइटबोर्ड कुठून आणणार! चार पर्यायांचा प्रश्न फळ्यावर लिहा, डोळे मिटायला सांगा आणि एक ते चार बोटं छातीपाशी धरायला लावा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून कुणी बदलत नाही. शिवाय इथली परीक्षा मंडळं परीक्षकांचे अहवाल संकेतस्थळावर मोफत टाकतात. कोणत्या प्रश्नात मुलं नेमकी कुठे घसरली, हे त्यात प्रश्नवार असतं. पर्याय तयार करताना त्यातल्या चुका जशाच्या तशा वापरा. अपूर्णांकांत आणि ऋण संख्यांत मुलं इथे जशी चुकतात तशीच आपल्याकडेही चुकतात.