एजन्सीने पाठवलेला ‘१२ पट परतावा’ खरा मानायचा का?

म्हापशातून काजूगर ऑनलाइन विकायला सुरुवात केलीय, एका एजन्सीने जाहिरातखर्चाच्या बारा पट विक्री झाल्याचा स्क्रीनशॉट पाठवलाय, तो खरा की बनावट हे कसं ओळखायचं, आणि सुरुवातीला पन्नासेक रिव्ह्यू विकत घेतले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

रिव्ह्यू घेऊ नका. त्याबद्दल खाली लिहितो. स्क्रीनशॉटचं उत्तर मात्र लांबणार, कारण तो खरा असला तरी तुमचं काम भागत नाही. बनावट स्क्रीनशॉटपेक्षा खऱ्या स्क्रीनशॉटने बुडालेले दुकानदार मी जास्त पाहिलेत.

बनावट पकडणं सोपं आहे. ब्राउझरमध्ये ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की पानावरचा कुठलाही आकडा अर्ध्या मिनिटात बदलता येतो, फोटोशॉपही लागत नाही. म्हणून चित्र मागूच नका. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला लावा, पान रिफ्रेश करून घ्या (बदललेला आकडा तिथेच उडतो), आणि तारखा तुम्ही सांगा: आधी मागचे ९० दिवस, मग मागचे १२ महिने. क्लायंटचं नाव झाकलं तर हरकत नाही. तारीख आणि खर्च झाकला असेल तर कॉल तिथेच संपवा. विक्रीच्या पानाऐवजी पेमेंट गेटवेचं सेटलमेंट, म्हणजे बँकेत प्रत्यक्ष उतरलेली रक्कम, बघायला मागा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी कोणीही घरबसल्या टाकू शकतो आणि विक्रीचा आकडा तेवढ्यापुरता फुगतो.

आता खऱ्याकडे वळू. फोंड्याच्या एका काजूवाल्याच्या खात्याची तपासणी माझ्याकडे आली होती. त्याच्या एजन्सीचा स्क्रीनशॉट असा: दिवाळीआधीचे १४ दिवस, खर्च १८,००० रुपये, ऑर्डरी २३६, प्रत्येकी ९०० रुपयांची भेटपेटी, एकूण विक्री २,१२,४००. भागाकार ११.८. यातला एकही आकडा खोटा नव्हता. पण तेवढंच चित्र दाखवून ती एजन्सी पुढे नवे दुकानदार पकडत होती.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, ॲड्स मॅनेजरमध्ये कॉलमच्या मेनूत ‘कंपेअर ॲट्रिब्युशन सेटिंग्ज’ असतं. ते चालू केलं की विक्री कशाच्या आधारे जाहिरातीच्या नावावर जमा झाली ते वेगवेगळं दिसतं. नेहमीची सेटिंग ‘क्लिकनंतर ७ दिवस, पाहिल्यानंतर १ दिवस’ अशी असते. म्हणजे इन्स्टाग्राम सरकवताना पेटी नुसती डोळ्यांसमोरून गेली, बोटही लावलं नाही, आणि त्याच माणसाने दिवसभरात तुमच्या साइटवरून खरेदी केली, तरी ती विक्री जाहिरातीची. फोंड्याच्या २३६ पैकी ९२ ऑर्डरी अशा ‘पाहिलेल्या’ होत्या. राहिल्या १४४.

दुकानाच्या ऑर्डर यादीत जाहिरातीच्या लिंकची यूटीएम खूण (गिऱ्हाईक कुठल्या लिंकवरून आलं ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडलेली अक्षरं) असलेल्या १३९ सापडल्या. मेटाचा आणि दुकानाचा आकडा तंतोतंत कधीच जुळत नाही, एवढा फरक सोडून द्यायचा. मग यादी एक्सेलमध्ये उतरवून फोन नंबर मागच्या दोन वर्षांच्या गिऱ्हाइकांशी जुळवले. इथे एक काळजी घ्या: काही नंबरांपुढे ९१ असतं, काहींत मधे स्पेस. आधी स्पेस काढा, मग ‘राइट’ फॉर्म्युल्याने शेवटचे १० आकडे वेगळे करा आणि ‘काउंटइफ’ लावा, नाहीतर जुनं गिऱ्हाईक नवं दिसतं. १३९ पैकी ९८ जुनी गिऱ्हाइकं निघाली. ही मंडळी दर दिवाळीला पेट्या मागवतात. त्यांची यादी दुकानदाराने स्वतःच एजन्सीला दिली होती, आणि एजन्सीने ती ‘कस्टम ऑडियन्स’ म्हणून चढवून त्यांनाच जाहिरात दाखवली होती.

नवी ऑर्डर फक्त ४१. त्यातल्या २९ कॅश ऑन डिलिव्हरी, आणि त्यातल्या ९ पेट्या परत आल्या. परतीचा माल कुरिअरकडून यायला दहा-पंधरा दिवस सहज लागतात, त्यामुळे मोसमाच्या शेवटच्या दिवशी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो दिसणं शक्यच नाही. नव्या गिऱ्हाइकांच्या हातात पडलेल्या पेट्या ३२. काजूगर, पेटी, कुरिअर, जीएसटी वजा जाता पेटीमागे २५० रुपये सुटत होते, म्हणजे ८,००० रुपये. नऊ परतींचा जायचा-यायचा खर्च प्रत्येकी १४० प्रमाणे १,२६०. वर जाहिरातीचे १८,०००. नव्या गिऱ्हाइकांच्या हिशेबात ११,२६० रुपयांचा तोटा, आणि एजन्सीची फी त्यात धरलेलीच नाही.

आमच्या धंद्यातली माणसं यावर ठरलेलं वाक्य फेकतात: आकडा मेटाने दिलाय, आम्ही खोटं काय बोललो? हे मला कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पुरावा दाखवणाऱ्याने बघणाऱ्याच्या मनात कुठला समज तयार केला, तो तपासायचा. ११.८ बघून दुकानदार समजतो की मी एक रुपया टाकला की अनोळखी गिऱ्हाईक बारा रुपयांचा माल नेणार. एजन्सीला तो समज चुकीचा असल्याचं माहीत असतं, कारण यादी तिनेच चढवलेली असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(२८) खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं त्यात स्पष्ट धरलेलं आहे. ‘खोटं बोललो नाही’ हा बचाव तिथे पुरत नाही. मात्र तुम्ही ही सेवा धंद्यासाठी घेताय, त्यामुळे ग्राहक म्हणून तुमची तक्रार टिकेलच असं नाही. कायद्यापेक्षा करार भक्कम करणं तुमच्या जास्त कामाचं.

हाच कायदा तुमच्या जाहिरातीला मात्र थेट लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तुमचं गिऱ्हाईक १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवू शकतं. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आफ्रिकेतून आलेल्या बिया इथे फोडून, भाजून, पाकिटावर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या झाडाचा बोंडू लटकलेला फोटो छापायचा, हे आपल्याकडे चालतं. फोटो खरा, झाड खरं, पाकिटातला गर त्या झाडाचा नाही. त्या स्क्रीनशॉटची आणि या पाकिटाची जात एकच. बी बाहेरून घेत असाल तर ‘गोव्यात प्रक्रिया केलेले’ एवढंच लिहा, सत्तरीचा फोटो काढून टाका.

खरा पुरावा हवा असेल तर तो गिऱ्हाइकाला स्वतःच्या ओट्यावर तपासता आला पाहिजे. डब्ल्यू २४० प्रत म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर. त्या हिशेबाने १०० ग्रॅममध्ये साधारण ४८ ते ५३ गर बसतात. डब्ल्यू ३२० चे ६६ ते ७०. बंद पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडा, वजनकाट्यावर वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, १०० ग्रॅम होईपर्यंत गर टाका आणि मोजा. एकाच शॉटमध्ये, मधे कट न मारता. हे आकडे सोललेल्या, न भाजलेल्या गराचे आहेत. भाजल्यावर ओल उडते आणि तेवढ्याच वजनात गर थोडे जास्त भरतात. तेही व्हिडिओत बोला. नाहीतर एखादं चोख गिऱ्हाईक मोजेल आणि तुम्हालाच लबाड म्हणेल.

रिव्ह्यूंचं. विकत घेतलेले रिव्ह्यू लपत नाहीत. पन्नास रिव्ह्यू तीन दिवसांत येतात, प्रोफाइल उघडलं तर त्याच माणसाने त्याच आठवड्यात सुरतेचं सलून आणि हैदराबादचा दातांचा डॉक्टर वाखाणलेला असतो, आणि मजकुरात पेटी, भाजणी, खारवणी यातलं काहीच नसतं. गूगलने पकडलं तर रिव्ह्यू काढतं, काही काळ नवे येणं बंद करतं आणि तुमच्या दुकानाच्या प्रोफाइलवर तशी सूचनाही लावू शकतं. मग खरे रिव्ह्यूही अडकतात. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, त्यातही विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही. प्रत्येक पेटीत क्यूआर कोडची चिठ्ठी टाका, सगळ्यांना सारखीच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून विचारू नका; गूगलच्या नियमांत दोन्ही बसत नाही. इन्फ्लुएन्सरला फुकट पेटी दिलीत तर त्याने पोस्टवर तसं ठळक लिहायला हवं.

एजन्सीशी करार करताना जाहिरात खातं, पिक्सेल (साइटवरची खरेदी मेटाला कळवणारा कोड) आणि पेज तुमच्या स्वतःच्या बिझनेस खात्यात ठेवा, त्यांना फक्त पार्टनर ॲक्सेस द्या. खातं त्यांच्या नावावर असेल तर वरची तपासणी तुम्हाला कधीच करता येणार नाही. दर महिन्याच्या अहवालात चार आकडे मागा: नवी गिऱ्हाइकं किती, पोचलेल्या ऑर्डरी किती, परत किती, आणि एका नव्या गिऱ्हाइकामागे जाहिरातखर्च किती. गिऱ्हाइकांची जुनी यादी जाहिरातीतून वगळायला सांगा, किंवा तिची वेगळी मोहीम काढून हिशेब वेगळा ठेवायला लावा.

फोंड्याच्या हिशेबाबद्दल एक सांगायला हवं. जुन्या ९८ जणांमध्ये काहींना जाहिरातीनेच आठवण झाली असेल, एकाऐवजी दोन पेट्याही घेतल्या असतील, आणि नव्या ३२ पैकी काही पुढच्या दिवाळीला परत येतील. म्हणून जाहिरात निरुपयोगी होती असं मी म्हणत नाही. तिचा वाटा नेमका किती, हे बघायला एकच स्वस्त उपाय आहे: दोन सारख्या विक्रीची शहरं निवडा, उदाहरणार्थ कोल्हापूर आणि बेळगाव, एका शहरात चार आठवडे जाहिरात चालू ठेवा, दुसरं लोकेशनमधून वगळा. त्या काळात दोन्हीकडे कुठलीही सूट नको आणि मधे सण नको. आधीच्या चार आठवड्यांशी दोन्हीकडची पोचलेली विक्री ताडून बघा. या चाचणीला जी एजन्सी तयार होत नाही, तिला काम देऊ नका.