डीएम कोण होणार, आणि सेव्ह कुठे करायचं?

प्रश्न : दादा, बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळलो आणि पार वेडा झालो, आता आम्हा चौघा मित्रांना खरं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) टेबलावर बसून खेळायचंय. पण नियम कोणालाच येत नाहीत, पुस्तकं महाग आहेत आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. त्यात मला फासा वाईट पडला की लगेच जुना सेव्ह लोड करायची, म्हणजे आधी साठवलेल्या जागेवरून परत खेळायची सवय. जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल की. आणि सगळे तुझ्याकडेच बघतायत म्हणजे डीएम तूच, त्यातून आता सुटका नाही.

पैशाचं म्हणशील तर डी अँड डीच्या पाचव्या एडिशनचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये (कोणालाही फुकट वापरता येईल अशा परवान्यात) आहेत, एसआरडी नावाची पीडीएफ फुकट मिळते, सुरुवातीला तेवढी खूप झाली. सात फाशांचा एक सेट चौघांत पुरतो, नाहीतर मोबाइलवर अ‍ॅप आहेतच (पण खरे फासे हातात खुळखुळवायची मजा वेगळी).

नियम तर तुला निम्मे येतातच, कारण तो गेम ह्याच पाचव्या एडिशनवर बेतलाय, आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा), अ‍ॅडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं), लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) सगळं तेच. एक फरक मात्र सांगून ठेवतो, गेममध्ये डायलॉगच्या चेकला (काम जमलं का ते ठरवणाऱ्या २० बाजूंच्या फाशाला) २० पडला की पास आणि १ पडला की नापास, पण टेबलावरच्या नियमात हे हल्ल्याच्या फाशाला लागू आहे, कुलूप उघडायला किंवा कोणाला पटवायला नाही. ह्यावरून पहिल्याच दिवशी भांडणं होतात, आधीच ठरवून टाका.

डीएमचं मुख्य काम म्हणजे किती पडायला हवेत ते सांगणं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०, बाकी अंदाजपंचे चालतं, कोणी तपासायला येत नाही.

आता तुझी लोड करायची सवय. टेबलावर लोड नाहीच, म्हणून फासा वाईट पडला तरी पुढे काहीतरी घडलं पाहिजे, ही जबाबदारी तुझी. कुलूप उघडायचा चेक फसला आणि तू नुसतं "नाही उघडलं" म्हणून गप्प बसलास तर खेळ तिथेच अडकतो, त्यापेक्षा कुलूप उघडू दे पण पलीकडचा पहारेकरी जागा होऊ दे. मग एक जण म्हणणार मी त्याला लाच देतो, दुसरा म्हणणार मी झोपेचा मंत्र टाकतो, तिसरा कधीच पळून गेलेला असणार, आणि ह्यातलं काहीच कोणी आधी लिहून ठेवलेलं नसतं! आणि पात्रं मरायची एवढी भीती नको, ० हिट पॉइंटवर (जीव किती उरला तो आकडा) आलं की बहुतेक वेळा बेशुद्ध पडतात, मग २० बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त तीनदा आलं तर वाचले, त्याआधी तीनदा कमी आलं तर मात्र गेले. मित्राने वेळेत बरं केलं तर तेवढीही वेळ येत नाही.

पहिल्या वेळी लेव्हल १ ची (सगळ्यात खालच्या पायरीची) पात्रं, एक गाव, एक गुहा, बस. राज्याचा हजार वर्षांचा इतिहास लिहीत बसू नको, तुझे मित्र पहिल्या पाच मिनिटांत खानावळवाल्याशीच भांडण काढणार आहेत.