शेकरूची जीवचौकट हाताने भरू नकोस

भीमाशंकरला जाऊन शेकरूचा फोटो काढलास, पुण्यात परतल्यावर रात्री जागून विकिपीडियावर लेख लिहिलास, फार बरं वाटलं. पण जीवचौकटीत, म्हणजे प्राण्याचं वर्गीकरण दाखवणाऱ्या लेखातल्या चौकटीत, सृष्टीपासून कुळापर्यंत सगळं हाताने भरलंयस, ते पुढच्या लेखात टाळ. त्याऐवजी स्वयंचलित चौकट वापर.

तिच्यात प्रत्येक गटाचा वेगळा छोटा साचा, म्हणजे अनेक लेखांत वापरता येणारं पान, असतो. त्यात मुख्य माहिती एकच, लगेच वरचा गट, म्हणजे 'पालक', कोणता. रॅटुफाचा (शेकरूच्या प्रजातीचा) पालक रॅटुफिनी, रॅटुफिनीचा सायुरिडी, असं करत चौकट स्वतःच वर चढत जाते. लेखात तू फक्त 'रॅटुफा' आणि जातीचं नाव 'इंडिका' द्यायचं. उद्या वर्गीकरण बदललं तर एकच साचा दुरुस्त करायचा, शंभर लेख नाहीत.

धोकाही तिथेच आहे. मी एकदा एका कुळाचा पालक चुकीचा टाकला आणि त्याखालचे सगळे लेख एका झटक्यात बिघडले. म्हणून वरच्या गटाला हात लावण्याआधी 'येथे काय जोडले आहे' ही त्यावर अवलंबून असलेल्या पानांची यादी उघडून बघच.

आणि शब्द सांभाळ. आपल्या शास्त्रीय परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रांत सर्रास उलटं छापतात, तिथून उचलू नकोस.