वही सगळ्यांची असू दे

प्रिय मित्रा,

कल्याण स्टेशनवरच्या चाइल्ड हेल्प डेस्कवर तू रुजू झालास, फार बरं वाटलं. गोदान, पवन, काशी अशा उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या इथे थांबतात आणि त्यांतून एकटी मुलं उतरतात. कुणी मार चुकवून आलेलं, कुणी नापास झालेलं, कुणाला ‘कामाला लावतो’ म्हणत गावातल्याच माणसाने गाडीत बसवून दिलेलं.

कायदा तू शिकलेला आहेस. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. पण त्या वेळात त्याच्याशी बोलायचं कसं, ते आपण एकमेकांकडूनच शिकतो.

मूल समोर आलं की नाव-गाव विचारायची घाई नको. आधी पाणी, बाथरूम, खाणं. टेबलापलीकडे बसण्यापेक्षा त्याच्या शेजारी बस. आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान जरा लांब उभा राहील असं बघ. नीट सांगितलं तर ती माणसं ऐकतात. ‘घरून का पळालास?’ हे पहिल्या दिवशी विचारूच नकोस, मूल तिथेच मिटतं. भोजपुरी, मैथिलीतली चार वाक्यं शिकून घे. ‘खाना खइलऽ?’ एवढं ऐकलं तरी काहींचे खांदे सैल होतात.

बरीच मुलं आधी खोटं गाव सांगतात. लहानग्यांना तर जिल्हाही माहीत नसतो. मग गाडी कुठे पकडली, स्टेशनपर्यंत चालत आलास की टेम्पोने, बाजार कुठल्या वारी भरतो, नदी पुलावरून ओलांडता की नावेने, असं गप्पांच्या ओघात विचारत जा. जवळचं स्टेशन आणि बाजाराचा वार हाती लागला की तिथल्या पोलीस ठाण्याला फोन करता येतो. कितीतरी गावं अशीच सापडली आहेत.

हे असलं शहाणपण प्रत्येक स्टेशनवर कुणा ना कुणाकडे असतं, पण ते त्याच्या डोक्यातच राहतं. आपल्या कामात पगार तुटपुंजा, माणसं टिकत नाहीत; माणूस गेला की त्याच्याबरोबर सगळं जातं आणि नवा पोरगा पुन्हा ‘का पळालास?’पासून सुरुवात करतो. मला याचं खरोखर वाईट वाटतं. १९९६ साली मुंबईत १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सुरू झाली, तीसुद्धा रस्त्यावरच्या आणि स्टेशनवरच्या मुलांचं म्हणणं ऐकूनच. तेव्हा ड्यूटी संपताना वहीत लिही: काय करून पाहिलं, कशाने मूल बोललं, कशाने गप्प झालं. पुढच्या पाळीतल्या ताईला वाचून दाखव.

वहीत मुलाचं नाव, गाव, फोटो काही नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको, अगदी ‘पालक शोधायला मदत होईल’ असं कुणी म्हटलं तरी. मुलाची ओळख उघड करायला मनाई करणारं त्याच अधिनियमातलं कलम ७४ त्यासाठीच आहे. ओळखीचा तपशील समितीकडे जाणाऱ्या फाइलमध्ये लिही आणि तिथे मात्र हात आखडू नकोस. तुला सांगितलेली मारहाण मुलाला समितीपुढे, मग बालगृहात, मग समुपदेशकाला पुन्हा पुन्हा सांगावी लागू नये.

घरचं कुणी न्यायला आलं की सगळ्यांनाच सुटल्यासारखं होतं. तेव्हाच सावध राहा. ‘चाचा’ म्हणून आलेल्या माणसाला पाहून मुलाचा चेहरा कसा होतो ते बघ आणि समितीला सांग. मुलाशी एकट्याने बोलल्याशिवाय त्याच्या परतीच्या बाजूने शब्द टाकू नकोस. मुलाच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने घर पाहिलंय का, हेही विचार. पाठवलेलं मूल काही महिन्यांनी पुन्हा इथेच उतरलं, तर त्याला रागवू नकोस. मागच्या वेळी घरी काय बदललं नाही, ते त्याच्याकडूनच कळेल.

महिन्याच्या बैठकीला सीएसएमटी, दादर, कुर्ला टर्मिनसची मंडळी येतात. येताना जिथे तुला काहीच जमलं नाही अशी एक केस घेऊन ये, नाव गाळून. कुर्ल्याच्या ताईंना मैथिली उत्तम येते, त्यांच्या शेजारी बस.

तुझा,
दादा